न घातलेलं पाणी

आई, परवा माझ्या पुतणीच्या मुलीचं बारसं झालं, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं राहून गेलेलं सगळं वर येतंय. म्हणून लिहायला घेतलं. तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर आधी तू कशावरून रागवायचीस ते आठवावं लागतं. रागावलेली तू पटकन येतेस. ताटावर बसताना क्रुसाची खूण करायची राहिली की, उरलेली पोळी टाकली की, कुणाच्या पाठीमागे बोललं की. प्रेमाने बोलणारी तू यायला वेळ लावतेस, कारण तसं तू फारसं बोलायची नाहीस. ते काम तुझ्या डब्यांनी केलं.

नाना पेठेतल्या आपल्या त्या दोन खोल्यांत देव कुठे संपतो आणि स्वयंपाक कुठे सुरू होतो हे मला कधी कळलं नाही. तू जपमाळ ओढतेयस, एक डोळा दुधावर आहे, मध्येच 'गॅस बारीक कर गं' म्हणतेस आणि जिथे सोडलास तिथून जप पुन्हा उचलतेस. मी एकदा विचारलं होतं की असा तुकड्या-तुकड्यांनी केलेला जप चालतो का. तू म्हणालीस, 'मरियेच्या घरीही दूध उतू जात असेल.' शुक्रवारी आपल्याकडे मटण नसायचं. आणि श्रावणात सुका बोंबील भाजायचा नाही हा नियम मात्र तुझा स्वतःचा होता, चर्चचा नव्हता. शेजारच्या काकूंना उपासाच्या दिवशी वास जायला नको, एवढंच त्याचं कारण. त्यांच्या गणपतीचे मोदक तू दोन्ही हातांनी घ्यायचीस, आरतीला मात्र दारातच थांबायचीस. नाताळात तू करंज्या करायला बसलीस की काकू चिडवायच्या, 'तुमची दिवाळी दरवर्षी उशिरा येते हो.' तू मान वर न करता सांगायचीस, 'आमचा देव थंडीत जन्मला, त्याला मी काय करू.'

तुझ्या सगळ्या धर्मात मला सगळ्यात जड वाटायचा तो तुझा शब्द. तू शपथ घ्यायची नाहीस. आम्ही पोरं गळ्याला चिमटा काढून शपथा घ्यायचो तर तू हातावर फटका मारायचीस. हो म्हटलं की हो, त्यावर देवाला साक्षीला कशाला ओढायचं, असं तुझं म्हणणं. काकूंच्या मुलीचं लग्न नेमकं गुड फ्रायडेला आलं होतं. पंगतीत वाढायला येईन असं तू आधीच कबूल करून बसली होतीस. चर्चमधल्या बायकांनी तुला किती बोल लावले. तू सकाळपासून कडक उपास धरलास, कार्यालयात गेलीस, बुंदी वाढलीस, आग्रह केलास, पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाहीस आणि तिथून थेट चर्चला जाऊन मागच्या बाकावर बसलीस. मी तुझ्याबरोबर होते. मला तेव्हा तुझी लाज वाटली होती, दोन्हीकडे.

रविवारी चर्चमधली मिस्साची प्रार्थना झाल्यावर तू लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायचीस. तिथेच तू आम्हाला शिकवलंस की बाप्तिस्मा फादर देतात, पण एखाद्याचा जीव राहत नाही असं दिसलं आणि फादर यायला वेळ नसला, तर कुणीही तो देऊ शकतं. पाणी साधं चालतं, नळाचंसुद्धा. कपाळावर घालायचं, नाव घ्यायचं, ठरलेले शब्द म्हणायचे. मला ते फारच आवडलं. घरी येऊन मी मोरीत बसून बाहुलीच्या डोक्यावर तांब्या ओतला. तू आत आलीस आणि माझा दंड धरून मला उठवलंस. 'हे खेळायचं नाही. हे पाणी आशा संपली की घालतात.' तुझा चेहरा पांढरा पडला होता. माझ्या आधी एक भाऊ होऊन गेला होता हे मला खूप नंतर समजलं, आणि त्याच्या कपाळावर तू स्वतःच्या हाताने पाणी घातलं होतंस हेही. ते तू मला कधी सांगितलं नाहीस. बाबा बोलून गेले.

मी कसब्यातल्या हिंदू घरात लग्न करायचं ठरवलं तेव्हा तू भांडली नाहीस. भांडली असतीस तर मला सोपं गेलं असतं, माझी सगळी उत्तरं तयार होती. आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं, तू साक्षीदार म्हणून सही केलीस आणि बाहेर पायऱ्यांवर म्हणालीस, 'देव काय ते बघून घेईल. तू जेवायला येत जा.' एकच गोष्ट मागितलीस, मुलं झाली तर त्यांचा बाप्तिस्मा. मी मोठ्या ऐटीत म्हटलं की मुलांचं मुलं ठरवतील. पुढे जे झालं त्याचा अर्थ तू या वाक्यावरून लावलास, आणि तुझी तरी त्यात काय चूक होती.

मुलगी फार लवकर आली. तिला काचेच्या पेटीत ठेवली होती, पेटीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. मी वरच्या मजल्यावर टाक्यांनी जखडलेली. तू रोज स्वारगेटला बस बदलून यायचीस, तुझ्या पिशवीत माझ्यासाठी मऊ भाताचा डबा. त्या दुपारी तू डबा उघडला नाहीस. खाटेचा दांडा धरून उभी राहिलीस.

'डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?'

'प्रयत्न करतायत ते.'

'करतायत गं. बाळा, पाणी घालू का तिला?'

'नाही.'

'कपाळावर थेंबभर. कुणाला कळणारही नाही.'

'आई, नाही म्हटलं ना. हात लावायचा नाहीस तू तिला. शब्द दे मला.'

तुझ्या हातात पाण्याची छोटी बाटली होती. तू ती परत पिशवीत ठेवलीस, डब्याच्या बाजूला, आणि म्हणालीस, 'बरं. नाही लावणार.' मग खाली गेलीस. दिवेलागणीच्या आत ती गेली. तू वर येऊन माझ्या केसांवर हात ठेवलास आणि सांगितलंस, 'मी हात लावला नाही. तू म्हणालीस तसं.' मी भिंतीकडे तोंड केलं. इतक्या लहान बाळांना हिंदूंमध्येही पुरतात, दहन करत नाहीत, हे तुला ठाऊक नव्हतं. ते कळल्यावर तू म्हणालीस, 'बरं झालं, मातीत ठेवली.' त्यानंतर तू पुष्कळ वर्षं जगलीस आणि या विषयावर आपण पुन्हा एक अक्षर बोललो नाही. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी तू आजी-आजोबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावायचीस. एक मेणबत्ती मात्र बाजूला, कुठलीच कबर नसलेल्या जागी, मातीत रोवायचीस. मी शेजारी उभी असायचे. मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

आता परवाचं. बारशाहून वारज्याला घरी आलो. सासूबाई हल्ली आमच्याकडेच असतात, गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे. खुर्चीत पाय वर घेऊन त्या ओटीतले घुगऱ्यांचे हरभरे खात होत्या. मला म्हणाल्या, 'तुझ्या आईने त्या दिवशी माझं ऐकायला हवं होतं.'

'कुठल्या दिवशी?'

'पोरीच्या. खाली आल्या तशी मी विचारलं, काय झालं विहीणबाई. तर म्हणाल्या, पाणी घालायचं होतं, लेक नको म्हणते. मी म्हटलं, घाला. नर्स पलीकडे गेलीय, मी आडोशाला उभी राहते. पाण्याने कुणाचं वाईट झालंय?'

माझ्या हातातलं भांडं मी ओट्यावर ठेवलं. 'मग?'

'मग काय. शब्द दिलाय म्हणाल्या. मी म्हटलं, तुमची लेक काय कोर्टात जाणारे? रडत होत्या, पण हात पदरात गुंडाळून उभ्या. माझ्याही पिशवीत गंगेचं पाणी होतं. पण आजी त्याही होत्या. त्या थांबल्या, मग मी कशी पुढे होणार?'

मी विचारलं, तुम्ही हे इतकी वर्षं मला का सांगितलं नाहीत. त्या म्हणाल्या, 'तू विचारलंस कधी?' आणि पुन्हा हरभरे खाऊ लागल्या. मग थोड्या वेळाने, न विचारता, त्यांनी उरलेलं सांगितलं. पुढे कधीतरी सणाला तू आमच्याकडे आली होतीस तेव्हा तुम्ही दोघी गॅलरीत बसला होतात. फादर म्हणतात देव दयाळू आहे, पाण्यावाचून अडवणार नाही, असं तू त्यांना सांगितलंस. आणि म्हणालीस, 'त्याची मला काळजी नाही हो. मी वर जाईन तेव्हा तिला हाक काय म्हणून मारू, तेवढं सुचत नाही.'

आई, हे ऐकून मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. इतकी मोठी झालेय मी, केस पांढरे झाले, आणि तुझ्यासाठी अशी रडले जशी तू गेलीस तेव्हाही रडले नव्हते. दोन आज्या, एकीच्या पिशवीत एक पाणी, दुसरीच्या पिशवीत दुसरं, आणि मधल्या काचेत माझी मुलगी, आणि माझ्या एका 'नाही'पायी दोघी तशाच उभ्या. तू लबाडी केली असतीस तर चाललं असतं गं. बाकी सगळ्या आया करतात. मला न सांगता थेंबभर पाणी घालून आली असतीस तर मी कधीतरी ओळखलं असतं, चार दिवस भांडले असते आणि मग आयुष्यभर तुझे उपकार मानले असते. पण तू काकूंच्या पंगतीत बुंदी वाढणारी बाई, तुझ्याकडून ते व्हायचं नव्हतं.

कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच हे लिहिता येतंय. सासूबाई आत झोपल्यात. त्यांनासुद्धा मी पुढचं सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, मी सासरला बिचकले. नवऱ्याला वाटतं, मी आमच्या दोघांच्या विचारांना धरून राहिले, त्याला तर माझं कौतुकही वाटलं होतं. आणि तुला वाटलं की मी तुझ्या देवाला दार लावलं. ते मनात घेऊन तू त्यानंतरचे सगळे नाताळ केलेस, मला करंज्यांचे डबे दिलेस, माझ्याशी हसून बोललीस, आणि तसंच घेऊन गेलीस. तुझ्या शेवटच्या दुखण्यात मी दिवसच्या दिवस तुझ्या उशाशी बसून होते, तेव्हासुद्धा मला हे सांगता आलं नाही.

त्या दुपारी माझ्या डोक्यात ना धर्म होता, ना सासर, ना कसला विचार. तू पिशवीतून ती बाटली काढलीस आणि मला मोरीतली तू दिसलीस. ते पाणी आशा संपली की घालतात हे तूच मला शिकवलं होतंस. तू ते घातलं नाहीस तर ती राहील, असं मला वाटलं होतं.