मुकादमाचा खोकला

प्रिय बडबडे,

तुझं पत्र मिळून चार दिवस झाले. तुझ्या आईने ते दोनदा वाचलं, माझ्या हातात कोंबलं आणि आत जाऊन भांडी आदळत बसली. म्हणजे खूश आहे. मंगळवारच्या चौकशीला तू रजा काढून येणार, शाळेतली ती वही घेऊन माझ्या बाजूने उभी राहणार. पोरगी वकील झाल्याचं बापाला याहून काय सुख हवं? तरी उत्तराला हात धजत नव्हता.

इकडची हालहवाल सांगतो. मुकादमाला जाऊन दहा महिने झाले. त्याच्या कागदावर मृत्यूचं कारण ‘धूम्रपानाने फुफ्फुसं निकामी’ असं पडलंय. उभ्या जन्मात ज्याने सिगारेट ओढली नाही, त्याच्या. त्याच्या बायकोला, आपल्या काकूंना, तेवढी एक ओळ बदलून हवी आहे. वाळूच्या धुळीने गेला, असं लिहा म्हणतात. परवा कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या, “दुसरं काही मागत नाही, पण माझ्या माणसाला व्यसनी ठरवू नका.” बोलत होत्या माझ्याशी, बघत होत्या वॉचमनकडे. मंगळवारी चौकशीचे साहेब ठरवणार ते एवढंच.

वाळूची शेड तू पाहिली आहेस. ओतलेल्या लोखंडी भागांवर वाळूचा फवारा मारून ते साफ करायचे. आत गेलेला माणूस गिरणीतल्या पिठात लोळून आल्यासारखा बाहेर यायचा. मी आणि मुकादम एकाच दिवशी कामाला लागलो. तो फवाऱ्यावर गेला आणि मी बाहेर, कारण माझे कान. भागावर हातोडी टेकवली की आवाजावरून चीर कुठे आहे ते सांगायचो. सातवी नापास माणूस त्या कानांच्या जोरावर कारखान्याचा मालक झाला. मुकादम मात्र शेडच्या दारापर्यंतच वर चढला.

मग तुझी नववी. तुमच्या वर्गशिक्षिका बाईंची वादविवाद घ्यायची रीतच वेगळी. दोन आठवडे दोन्ही बाजूंनी माहिती गोळा करायची, कुठली बाजू मांडायची ते उभं राहीपर्यंत कळणार नाही, आणि मध्येच घंटा वाजली की खुर्च्या बदलून उलट बोलायचं. विषय काय, तर वस्तीतली वाळूची शेड बंद करावी का. मी मनात म्हटलं, पोरगी घरचीच आहे, घरातूनच माहिती नेईल. तुला गठ्ठाभर कागद दिले. शिवाय मुकादमाकडे पाठवलं, आणि त्याच्या कानावर आधीच घातलं की पोरीला सांग, त्रास काही नाही. तो म्हणाला, “मालक, शाळेच्या अभ्यासातसुद्धा खोटं?” आणि हसत हसत कबूल झाला.

पालकांना मागच्या बाकांवर बसवलं होतं. मुकादम माझ्या शेजारी, धुतलेल्या सदऱ्यात, गुडघे बाकात अडकलेले. तुला आधी शेडविरुद्ध बोलायचं आलं. तू वही उघडलीस आणि म्हणालीस, “मुकादमकाकांनी सांगितलं की त्यांना काही त्रास नाही. एवढं सांगताना ते एकवीस वेळा खोकले.” वर्ग हसला. मुकादमही हसला, आणि हसता हसता त्याला जी उबळ आली, ती बाईंनी पाण्याचा ग्लास आणून दिला तरी थांबेना. मग घंटा झाली. तू खुर्ची बदललीस आणि माझी बाजू अशी मांडलीस की मला स्वतःला कधी जमली नसती. किती घरं शेडवर चालतात, पंखे किती वाढवता येतील, शेड गेली तर कोणाच्या मुली शाळा सोडतील, सगळं. सगळ्यांत मोठ्या टाळ्या मी वाजवल्या. परत येताना तू विचारलंस की बाबा, यातलं खरं कुठलं. मी म्हणालो, खुर्ची बदलली की खरं बदलतं. फार हुशार बोललो असं तेव्हा वाटलं होतं.

पंखे मी वाढवले नाहीत. मुकादम त्यानंतर नऊ वर्षं आत जात राहिला. त्याचा खोकला ऑफिसमधून ऐकू यायचा. आधी कोरडा, मग ओला, शेवटी नुसतीच फुंकर. तडकलेलं लोखंड ओळखणाऱ्या माणसाला तो कळत नव्हता असं कोणी म्हणेल का? मी दार लावून घ्यायचो. दवाखान्यात त्याची माहिती आमच्याच ऑफिसने भरून दिली. धूम्रपानाच्या रकान्यात ‘होय’ माझ्या सांगण्यावरून पडलं.

तुझ्या वहीतल्या माझ्या बाजूत एकही वाक्य खोटं नाही. तुला दिलेल्या गठ्ठ्यात एक कागद मात्र नव्हता. कामगारांच्या छात्या तपासून डॉक्टरांनी पाठवलेलं पत्र, तुमच्या वादाच्या दोन महिने आधीचं. त्यात मुकादमाचं नाव पहिलं आहे, आणि त्याला शेडमधून आजच बाहेर काढा असं लिहिलंय. ते या पाकिटात घातलंय. तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही.

तू म्हणशील, बाबा, मग मंगळवारी उभे राहा आणि सांगून टाका. मला माझीच खात्री नाही गं. समोर कोणी नवखा वकील असला तर मी गोड बोलून त्याला सहज गुंडाळीन. जिभेला तीच सवय लागली आहे. आणि काकूंकडे तर तोही नाही. दोघा वकिलांनी कागद बघून परत दिले, मालकाशी वैर कोण घेणार म्हणून. तेव्हा रजा रद्द करू नकोस. ये, पण उतर काकूंच्या घरी. मंगळवारी त्यांच्या बाजूने उभी राहा आणि डॉक्टरांच्या पत्राची तारीख मला सगळ्यांसमोर वाचायला लाव. मी विषय बदलीन, हसवीन, डोळ्यांत पाणीसुद्धा आणीन. सोडू नकोस.

तुझाच, अजून तरी,
बाबा