उष्टी हळद आणि माझं कोपर

माय, काल नातीने चेहऱ्याला लावायची एक ट्यूब आणली. उन्हाने तिचे गाल काळवंडतात आणि काहीही लावलं की आग होते, म्हणून डॉक्टरने खास तिच्या कातडीसाठी लिहून दिलेली. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघ म्हणाला म्हणे. मी हसले. तुला डॉक्टर कुठे ठाऊक होता, पण तेलाचा थेंबसुद्धा तू माझ्या कोपराला विचारल्याशिवाय तोंडाला लागू दिला नाहीस.

कापूस वेचायचे ते दिवस. संध्याकाळी आम्ही दोघी बहिणी शेतातून येतो, माझ्या गालांची सालं निघालेली. बहिणीला तू बेसन-हळद लावतेस आणि मला नुसती गाईच्या दुधाची साय. साबण नाही, हळद नाही. चांगलं ते सगळं गोऱ्या धाकटीला, हा संशय माझ्या मनात पक्का बसला होता. विचारलं तर तू म्हणायचीस, "तिचं तोंड तिचं, तुहं तोंड तुहं." पुढे मालेगावचे पाहुणे मला बघायला येणार होते, तेव्हा आत्याने कारंज्याहून गोरं व्हायच्या मलमाची डबी आणली. तू विहिरीवर गेलेली पाहून तिने ते माझ्या तोंडाला चोपडलं. पाहुणे ओसरीवर टेकेपर्यंत गाल टरारून फुगले. चहा पिऊन गेले ते गेलेच. मागून गावात कुजबुज, पोरीच्या तोंडावर रोग आहे. त्यानंतर दोन वर्षं कुणी फिरकलं नाही, आणि तू माणसांवरही मलमाइतकाच संशय घ्यायला लागलीस.

मग जऊळक्याचं स्थळ जमलं. हळदीच्या दिवशी नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन त्याची मावशी आली. बायका गात होत्या. तिने माझ्या गालाकडे हात नेला आणि तू तो वरच्या वर धरलास.

"थांबा बाई. आधी कोपराले लावून पाहू."

"काहून? आमच्या हळदीत काय इख हाय?"

"तसं नाही. माह्या पोरीची कातडी नाजूक हाय."

"का तोंडावरचं काही लपवून राह्यल्या तुमी?"

गाणं थांबलं. वरपक्षाची हळद अडवणारी आई कुणी पाहिली नव्हती. तू माझ्या कोपराला हळद लावलीस आणि मांडी घालून समोर बसलीस. मला तुझा राग आला होता, खोटं कशाला बोलू. हेही लग्न मोडतं की काय, याची भीती वाटत होती. बऱ्याच वेळाने मावशी म्हणाली, "दाखव वं पोरी हात." मी पदराखालून हात काढला. कोपर लालबुंद झालेलं. मावशीचा आवाजच उतरला. "खरंच वं माय. पायाले लावा, खांद्याले लावा, तोंडाले नका लावू." लग्न लागलं.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून लिहिते. त्या हळदीने कोपराला काहीही झालं नव्हतं. मी वाट पाहत होते आणि कातडी होती तशीच होती. तुझ्याकडे पाहिलं तर तू पुन्हापुन्हा माझ्या हाताकडे बघत होतीस. इतक्या बायकांत तू खोटी पडणार होतीस, आणि ते मला सहन झालं नसतं. पदराखाली मी नखांनी खाजवत राहिले.

दिवे लागल्यावर नखाला हात लावू न देणारी तू. त्या संध्याकाळी दिवा जवळ ओढलास, माझे दोन्ही हात मांडीवर घेतलेस आणि पात्याने दहाही नखं काढलीस. हळद चांगली होती, माय. हे मी आजवर सासरी कुणाला सांगितलेलं नाही.