भिंतीवरचं बटण

चिखली. एकादशी, दिवेलागणीनंतर.

आज भगर, शेंगदाणे आणि वाती आल्या, एकशे ऐंशी रुपये. नवा कॉम्प्युटर आला नाही, आणि आता येणारही नाही!

अपडेट आल्यापासून जुना नुसता रखडत होता. बचत गटाचा हिशेब उघडेपर्यंत माझी जपाची माळ पुरी व्हायची. गटातल्या बाया म्हणायला लागल्या, हिशेब दुसरीकडे देऊ. इतक्या वर्षांचं माझं काम! हे तर कालच म्हणाले, "भंगारात दे ना, काऊन त्याच्या मागं लागून राह्यली वं?"

आज पोथीला बसले आणि कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण बंद करायचं राहून गेलं. एरवी काम झालं की वीज वाचवायला लगेच बंद करते. पोथी संपवून पाहते, तर पडद्यावर अपडेट पूर्ण! म्हणजे रोज ते अर्ध्यात तुटायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून? त्या बटणापायी?

हिशेब लगेच उघडला. यांना हाक मारून दाखवला.

"हाव वं, पळून राह्यलं की!"

विठ्ठला, पोथी फळली.

अकोल्याला लेकीकडेही अपडेटपासून हेच रडगाणं, जावई नवा घ्यायला निघालेत. तिला आत्ताच लिहिते: सुमे, थांबव त्यांना. तुझ्याकडे कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण कोण बंद करतं, उलट टपाली कळव.