नानांची ओळ

शनिवार पेठ, पुणे
५ सप्टेंबर १९९९

ती. दादास नम्रताचा सा. न. वि. वि.

नानांची तब्येत जराशी बिघडली आहे, ताप येतो-जातो. काळजीचं कारण नाही, असं आईने लिहायला सांगितलंय आणि ती मागेच उभी आहे. फोनवरही अशीच उभी असते. ‘प्रकृती खालावली’ असं म्हणायची आपल्या घरात सोय नाही. वास्तू तथास्तु म्हणते, हे तिचं मत. जन्मभर मराठी शिकवलेल्या नवऱ्यापुढे ते मांडायला धैर्य लागतं. परवा नाना म्हणाले, रेडिओ बिघडतो, जखम चिघळते, माणूस खालावतो. आणि ते इतकं सावकाश होतं की घरच्यांना दिसत नाही, लांबून आलेल्याला दारातच दिसतं. आई उठून आत गेली.

तू त्या दोन हजार सालच्या घोळात संगणकांची उस्तवार कर. लोभ आहे, तो उणा करू नकोस.

तुझी नमू

चि. दत्तप्रसाद, अ. आ. बहिणीने पान भरून काहीही कळवलेलं नाही. हल्ली यालाच पत्र म्हणतात. — नाना

ह्यूस्टन
१८ सप्टेंबर १९९९

चि. नमूस अनेक आशीर्वाद.

तुझं या पाच तारखेच्या आधीचं पत्र वाचून मी घाबरलो होतो. खालची नानांची ओळ घसरत कोपऱ्यात गेली होती. जुनी पत्रं काढून शेजारी मांडली, तर प्रत्येक ओळ आधीपेक्षा जास्त घसरलेली. नाना म्हणतात ते लांबून दिसणं हेच असावं. तिकीट काढून मोकळा झालो. इथे वर्ष संपेपर्यंत कुणालाच रजा नाही, म्हणजे परतल्यावर नोकरी नव्हती.

पण यावेळची ओळ पाहून जीव भांड्यात पडला. सरळ, ठसठशीत, टोमणाही जसाच्या तसा. काल तिकीट रद्द केलं. जानेवारीत येतो. आईला जप, आणि या लांबच्या भावावर लोभ राहू दे.

दादा

पुणे
२९ सप्टेंबर १९९९

ती. दादास सा. न.

तुझं पत्र आज आलं. फोन लावला, तर तुझं ते यंत्रच बोलत राहिलं. त्याला हे सांगवेना. म्हणून बुधवार पेठेतल्या बूथवरून तुझ्या ऑफिसात फॅक्स करते आहे.

ती ओळ मी लिहिली होती. नानांच्या हातात पेन राहत नाही. ओळ दिसली नाही तर पोरगा नोकरी सोडून धावत येईल, म्हणून आईने माझ्यापुढे हात जोडले. त्यांचं अक्षर मला काढता येतं. टोमणाही माझाच. तू तिकीट रद्द केलंस ते माझ्या त्या ओळीपायी. जानेवारी फार लांब आहे, दादा.

तुझं पत्र नानांना वाचून दाखवलं. मग विचारलं, दादाला तब्येत बिघडली असं कळवू का. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. खालावली असं लिहू का, विचारलं. आई दारात उभी होती. नानांनी डोळे मिटून होकार दिला. या वेळी आई आत निघून गेली नाही.

नानांची प्रकृती फार खालावली आहे. लोभाचं भेटीत बोलू. लगेच नीघ.

नमू