बंद गाडीतला बूस्ट

३ नोव्हेंबर, सकाळी ७
आजपासून रोज लिहिणार. संगीता माहेरी कामरगावले गेली त्याले आज अकरावा दिवस. मी शांत आहो. एकदम शांत.

झालं एवढंच, की पॅसेंजर जीप स्टँडवरच्या मुन्नाले विकली आन् सेकंडहँड टर्बो गाडी घेतली. लाल. शेलूबाजारात अशी दुसरी नाही. संगीता म्हणे जीपनं घर चालत होतं, हिच्यात दहा माणसं बसत नाहीत. बायकांले विजन नसते.

सासरे भाऊसिंग फोनवर म्हणे, घोडा घेतला का गधा ते तरी पाहू. साळा हेमसिंग पुण्याहून याच मॉडेलची गाडी घेऊन आला, कंपनीतून निघाली तशी. सासऱ्यानं अट घातली, कारंजा रोडच्या चढावर त्याले मागं टाकलं तर संगीता लाल गाडीत बसून घरी येईन. नाही तर गाडी विकायची आन् पुन्हा जीपचं स्टेअरिंग धरायचं. मागून संगीताचा आवाज आला, मंजूर आहे म्हणा. मी पण म्हटलं मंजूर. पंधरा तारीख ठरली.

३ नोव्हेंबर, दुपारी
ऑनलाइन मागवलेली, ताकद वाढवणारी ट्यूनिंगची डब्बी बसवली. हिरवा दिवा लुकलुकते, म्हणजे काम चालू. सोबत बूस्ट मीटर. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, किती कोंबली ते मीटर सांगते. कंपनीच्या पुस्तकात जास्तीत जास्त ०.९५ बार लिहिलं आहे. मीटरसोबतचा कागद चिनी भाषेत होता. वाचायची गरज पडली नाही.

४ नोव्हेंबर
चमत्कार! गाडी बंद. चाबी फक्त अर्धी फिरवली, इंजिन चालू नाही आन् काटा ०.९५ वर! हेमसिंगची गाडी बोंबलून बोंबलून जिथं पोचते, तिथं माही झोपलेली असते. आता काही टेन्शन नाही.

६ नोव्हेंबर
रस्त्यावर रेस पूर्ण दाबली. १.९! बरोबर डबल!! सासऱ्याले लगेच फोन केला. ते म्हणे, बापू, आकडे पळत नसतात. जुनी माणसं. संगीताले फोन द्या म्हटलं, तर म्हणे ते तूर पाहाले वावरात गेली. सकाळचे सात वाजले होते.

८ नोव्हेंबर
छोटीशी गोष्ट. इंजिन चालू करून गाडी उभी ठेवली की काटा ०.९५ वरून ०.३ वर उतरते. म्हणजे चालू केली की ताकद कमी होते. विचार केला, पैलवान विनाकारण छाती फुगवत नाही. समाधान झालं. तरी जेवण गेलं नाही. तसंही जेवणात भातच होता, सलग चौथ्या दिवशी.

१० नोव्हेंबर
जगदेवच्या पंक्चरच्या दुकानी टायरमध्ये हवा भरली. त्याले मीटर दाखवायची गरज नव्हती. दाखवलं.

त्यानं स्वतःचं हवा मोजायचं मीटर हातात धरलं. म्हणे हे टायरले लावलं नाही तर काटा शून्यावर बसते. तुह्या मीटरचा काहून नाही बसत? मी म्हटलं पॉवर आहे. तो म्हणे पॉवर नाही बे, ही आपल्या शेलूबाजारची हवा आहे. आमी बाहेरच्या हवेचा दाब धरत नाही, तुहं मीटर तोही मोजून राह्यलं. बंद गाडीत जे दिसते ते एक पॉइंट नऊमधून वजा कर, म्हणे. मग पुस्तकात काय लिहिलं ते पाह्य.

वजा केलं नाही. ज्या माणसाची उभी जिंदगी हवा गेलेल्या टायरात गेली, त्याले भरलेली गोष्ट पाहावत नाही.

११ नोव्हेंबर
वजा केलं. ०.९५. पुस्तकात पण तेच.

११ नोव्हेंबर, दुपारी
मीटर गाडीतून काढलं. घरात आणून इन्व्हर्टरच्या बॅटरीले जोडलं. नळी मोकळी, कुठंच लावली नाही. चुलीजवळ ०.९५. देव्हाऱ्यापाशी ०.९५. संगीताच्या साड्यांच्या पेटीवर ठेवलं, तिथं पण ०.९५. अख्ख्या घरात बूस्ट भरून आहे आन् माणूस एक नाही. काय करू रे बाप्पा. मले संगीता पाह्यजे. गाडी नको, ते पाह्यजे.

संध्याकाळी सावरलो. डब्बीचा दिवा लुकलुकते ना? मग काहीतरी करतच असन. मीटर चुकू शकते.

१३ नोव्हेंबर
नवा प्लॅन, वजन कमी करायचं. मागची सीट काढली. स्टेपनी काढली. जॅक, पाना, पायपुसणी, सगळं घरी. उद्यापासून मी पण उपाशी. जिंकणार म्हणजे जिंकणार.

१५ नोव्हेंबर, सकाळी ६
उपाशी आहो. गाडीची चाबी घरभर शोधली, खिशातच होती. उपासानं.

१५ नोव्हेंबर, दुपारी
तटस्थपणे लिहितो.

हेमसिंगच्या गाडीत मागं भाऊसिंग, सासूबाई धनीबाई आन् अर्धं पोतं संत्री. पुढं संगीता. मी एकटा, उपाशी, बिनास्टेपनीचा. चढ सुरू झाला. मी दाबली. काटा १.९. खिडकीतून पाह्यलं तर हेमसिंग बाजूले. आणखी दाबली. तरी बाजूले. सासूबाई मले हात हलवून राह्यल्या होत्या. संगीता संत्रं सोलत होती. पूर्ण चढ तिनं ते एक संत्रं सोललं आन् माह्याकडं पाह्यलं नाही.

वर पोचलो ते संगंच. मी म्हटलं बरोबरी झाली. सासरे म्हणे, बापू, आमी चार जणं आन् पोतं होतो.

गाडी वळवाले कडेले घेतली आन् बाभळीचा काटा लागला. टायर बसलं. स्टेपनी घरी.

हेमसिंगनं मले न विचारता जगदेवले फोन लावला. जगदेव फटफटीवर आला, टायरले मीटर लावलं. शून्य. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा शून्य पाह्यलं.

संगीता जाता जाता एक संत्रं बोनेटवर ठेवून गेली. पोट उपाशी होतं, खाल्लं. रडलो नाही. संत्र्याचा रस डोयात उडाला.

२२ नोव्हेंबर
लाल गाडी गेली. मुन्नाले ड्रायव्हर पाह्यजे होता. माहीच जीप, आता मी तिचा ड्रायव्हर. तात्पुरता. मीटर डॅशबोर्डवर बसवलं. बंद जीपमध्ये ०.९५! डिझेलची म्हातारी, तरी तेवढंच. हे आधी माहीत असतं तर विकलीच नसती.

२४ नोव्हेंबर
कामरगाव स्टँड. जीप भरल्याशिवाय निघत नाही, एक सीट कमी. मी ओरडून राह्यलो, चला कारंजा, शेलूबाजार, एक सीट, एकच सीट! आन् संगीता आली. हातात पिशवी. मी पुढची सीट रिकामी कराले लागलो, तर ते मागं बायकांत जाऊन बसली. पाह्यलंत? आली. अट पूर्ण केली म्हणून आली. अख्ख्या रस्त्यात आरशात पाहत होतो. एकदाही चाळीसच्या वर नेली नाही.

कारंज्यात उतरली. पिशवीत ब्लाउजचं कापड होतं, टेलरकडं द्याले आली होती. सगळ्यांसारखं भाडं हातावर ठेवलं. मीटरकडं पाह्यलं, म्हणे हे अजून काढलं नाही का. मी म्हटलं काढतो.

चार पावलं जाऊन मागं फिरली. म्हणे उद्या शेलूबाजारची जीप किती वाजता निघते.

मी म्हटलं, भरली की निघते.