पुट अप विथ आणि मामाचं उपरणं

नाशिक, गुरुवार

प्रिय बाळाजीराव,

सप्रेम नमस्कार. सटाण्यात कांद्याला बरा भाव असल्याचं समजलं, त्यावरून तुमची तब्येतही ठणठणीत असणार असं धरून चालतो. इकडे सर्व खुशाल. तुमची बहीण साखरपुड्यापासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते, त्यामुळे घरात छान शांतता आहे. तुम्ही फोन उचलत नाही, मेसेज वाचत नाही, म्हणून हे पत्र. (पोस्टमनवर रागावू नका.)

विशेष म्हणजे मी हल्ली इंग्रजीच्या क्लासला जातो. जावईबापूंच्या अंबडच्या कंपनीतले दोन परदेशी साहेब आपल्या अपूर्वाच्या लग्नाला येणार आहेत, त्यांच्यापुढे वधूपित्याने नुसतं हसत उभं राहणं बरं दिसत नाही. आमच्या स्वरदा मॅडम वयाने अपूर्वाएवढ्या, पण शिकवतात झकास. परवा त्यांनी ‘पुट अप विथ’ शिकवलं. अर्थ असा, की न आवडणारं माणूस किंवा गोष्ट तक्रार न करता चालवून घेणे. वाक्यं करा म्हणाल्या, तर सगळ्या बायकांनी नवऱ्यावर केलं आणि पुरुषांनी इकडेतिकडे बघून शेजाऱ्याच्या कुत्र्यावर. उगम तर ऐकण्यासारखा आहे. पूर्वी इंग्रज लोक वस्तू पिशवीत किंवा तलवार म्यानात ठेवून देण्याला नुसतं ‘पुट अप’ म्हणत. पुढे कुणी अपमान केला तर तोही तसाच गपचूप ठेवून देऊ लागले, आणि ‘विथ’ मागाहून येऊन चिकटलं. मी म्हटलं, मॅडम, यात काय नवल, आमच्याकडे चुका पोटात घालतात. (इंग्रजाची पिशवी ती केवढी! आपलं पोट मोठं. तुमचं तर विशेष.)

माझं वाक्य होतं, माझ्या मेहुण्याने मला पुट अप विथ केलं नाही. मॅडमनी व्याकरण बरोबर दिलं आणि काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा सांगावंच लागलं. साखरपुड्याला मामाच्या मानाची टोपी, उपरणं, नारळ सगळं ताटात तयार होतं. गुरुजी म्हणाले, मामांना बसवा. तुम्ही त्या वेळी आत आचाऱ्याला कांदा कापायला शिकवत होता. (कुणी सांगितलं होतं?) चष्मा माझ्या खिशात. खुर्चीवर एक भारदस्त गृहस्थ दिसले, मिशी तुमचीच, पोटही तुमचंच. मी गंध लावलं, टोपी घातली, उपरणं दिलं, शिवाय वाकून नमस्कार केला. ते निघाले व्याह्यांचे ड्रायव्हर किशोर. बिचाऱ्यांना वाटलं, या घरात ड्रायव्हरचाही मान करायची रीत असेल. तुम्ही बाहेर आलात, पाहिलंत, आणि न जेवता सटाण्याची गाडी धरलीत. चूक माझीच, पण तुम्ही जागेवर असता तर ती झाली नसती, एवढं तरी कबूल करा.

असो. लग्नाला येण्याबद्दल माझा मुळीच आग्रह नाही. आपल्या सोयीने पाहावं.

आपला,
दाजी

ता. क. – मुळीच आग्रह नाही, हे मागे घेतो. मुलीला गौरीहरापासून उठवून बोहल्यावर मामानेच आणायचं असतं, हे मी तुम्हाला काय सांगावं. याच. हात जोडतो.

आणखी ता. क. – किशोर काल घरी आले होते. मामाचा मान घेतला मग मामाचं कर्तव्य कसं सोडायचं, म्हणून अपूर्वासाठी साडी घेऊन. (रंग छान आहे. तुमची बहीण रडली.) वेळ पडली तर मुलीला मांडवात आणायलाही तयार आहेत. उपरणं मात्र धुऊन, घडी घालून ठेवलंय, ते तुमच्याच हातात देणार म्हणतात.

शेवटचा ता. क. – अपूर्वाने हे पत्र आत्ता वाचलं. म्हणाली, “मामाला लिहा, मी गौरीहराशी बसून राहीन. तो आल्याशिवाय उठणार नाही, मुहूर्त टळला तरी.” हा हट्ट आमच्या घराण्यातला नाही, बाळाजीराव.