वाघाच्या कपाळी शेंदूर

शनिवार, संध्याकाळ. अल्बनी.

ह्यांचा खोकला उतरलाय, सूनबाईची पाठ बरी आहे, नात ठणठणीत. छाती धडधडतेय ती माझीच.

कोरियन चित्रांचा वर्ग घेणाऱ्या सुनजाबाईंनी आपल्या आजीच्या हातचा वाघाचा खाका मला विश्वासाने दिला होता. तो पातळ कागदाखाली ठेवून मी माझा वाघ गिरवला. त्यांच्या खाक्यातल्या मॅगपाय पक्ष्याऐवजी फांदीवर इथला तुई पक्षी बसवला. रंगवून झालं. आता वाघोबाचं कपाळ कोरडं कसं ठेवू? तेलात कालवलेल्या शेंदराचं बोट टेकवलं. खालचा खाका बाजूला घ्यायचाच राहिला होता! तेल झिरपून आजीच्या वाघावर हरभऱ्याएवढा डाग.

"कागदाला कुणी शेंदूर फासतं का?" हे म्हणाले. "आता गुपचूप घडी घालून परत दे."

"आणि त्यांनी उलगडला की?"

टाल्कम पावडर टाकून पाहिली. डाग हलेना. उलट पसरला की काय? आजीची एवढीच आठवण उरलीय, असं त्याच म्हणाल्या होत्या. तोंड कसं दाखवू?

शेवटी सुनजाबाईंना डागाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, "चूक माझी. रागवा, वर्गाला येऊ नका म्हणा, पण लवकर उत्तर लिहा."